पागेरासाठी शिसं ओतायचंय? आधी साचा सुकवा

विकतच्या पागेराच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, कडेला शिसं असतंच, मग ते घरी कशाला ओतायचं, असं नवीन माणूस हमखास विचारतो. तोच पागेर सिंधुदुर्गातल्या कालावलच्या नाहीतर कर्लीच्या खाडीत दोन पावसाळे वापरला की उत्तर मिळतं. कड खडपाला, म्हणजे तळाच्या खडकाला, घासते, कालवांच्या शिंपल्यांत अडकते आणि शिशाचे दाणे एकेक करून गळतात. ज्या बाजूचे दाणे गेले ती बाजू तळाला उशिरा टेकते. शेवटे मासे फार चलाख, त्यांना तेवढी फट पुरते. मग दाणे बदलायला हवेत, आणि बाजारात मिळणारे दाणे आपल्या दोरीच्या जाडीचे असतीलच असं नाही. म्हणून आमच्याकडे पागेर विणणारा माणूस आपलं शिसं आपणच ओततो.

हे काम अवघड नाही. एका दुपारी दोनशे दाणे होतात. पण वितळलेलं शिसं चूक माफ करत नाही आणि न वितळलेलं शिसं गुपचूप शरीरात शिरतं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला हे दोन्ही नीट समजावं म्हणून मी हे लिहितोय. मी पंधरा-सोळा वर्षं ओततोय आणि माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत बारीक पांढरे डाग आहेत. ते कसे पडले तेही पुढे सांगतो.

किती शिसं लागेल

आधी हिशोब. पागेर मध्यापासून कडेपर्यंत ३ मीटर असेल तर कडेचा घेर जवळपास १९ मीटर भरतो. दर १० सेंटिमीटरला एक दाणा धरला तर १९० दाणे. प्रत्येक दाणा १५ ग्रॅमचा केला तर एकूण २ किलो ८५० ग्रॅम. गाळ, सांडलवंड आणि फसलेले दाणे धरून साडेतीन किलो शिसं हाताशी ठेवा. खाडीला ओढ जास्त असेल तर दाणे ८ सेंटिमीटरवर घ्या. दाणा मोठा करण्यापेक्षा अंतर कमी केलेलं मला बरं वाटतं, कारण कड तळाला सलग बसते आणि मासा खालून निसटत नाही.

१५ ग्रॅमच्या दाण्याचं माप सोपं आहे. बाहेरून १० मिलिमीटर जाड, आतून ४ मिलिमीटर भोक आणि २० मिलिमीटर लांबी. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, त्यामुळे एवढी नळी बरोबर १५ ग्रॅम भरते. ३ मिलिमीटरची दोरी ४ मिलिमीटरच्या भोकातून भिजल्यावरही सरकते.

शिसंच का, दगड का नाही? पूर्वी दगड आणि भाजलेल्या मातीचे मणी वापरत, तेही चालतात. पण पाण्यात वस्तू हलकी होते. एक किलोचा काळा दगड खाऱ्या पाण्यात जेमतेम सहाशे ग्रॅमसारखा ओढतो, तर एक किलो शिसं नऊशे ग्रॅमच्या वर ओढतं. आणि ते लहानशा जागेत मावतं, म्हणून जाळं फेकताना हाताला फुगीर लागत नाही.

शिसं कुठलं घ्यावं

भंगारवाल्याकडे चार प्रकारचं शिसं मिळतं. जुन्या टेलिफोन केबलवरचं वेष्टण आणि जुने नळ हे सगळ्यांत चांगलं, जवळजवळ शुद्ध आणि मऊ. नखाने ओरखडा काढला तर चकचकीत रेघ उठते. दुसरं, गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं. त्यात थोडं अँटिमनी असतं म्हणून ती कडक असतात. नळीच्या आकाराच्या दाण्याला ती चालतात, पण चिमटून बसवायच्या दाण्याला नाहीत, चिमटताना चिरतात. तिसरं, बंद पडलेल्या छापखान्यांतून येणारी लायनोटाइपची धातू. तिच्यात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. साच्यात सुंदर भरते, पण ठिसूळ. खडपावर आपटली की तुकडा उडतो.

चौथं म्हणजे गाडीच्या बॅटरीतलं शिसं. ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. आतल्या प्लेटांना आम्ल चिकटलेलं असतं, शिशात आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम मिसळलेलं असतं आणि त्याच्या गाळाला पाणी लागलं तर अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. बॅटरी परत घेणारे दुकानदार असतात, त्यांनाच द्या.

चाकांची वजनं निवडून घ्यावी लागतात, कारण हल्ली त्यांत लोखंडी आणि जस्ताचीही असतात. लोखंडाला चुंबक लागतं. जस्त फरशीवर टाकलं की टणकन वाजतं, शिसं थपकन पडतं. आवाजावरून कळलं नाही तर पकडीने चावून बघा. शिशात दात रुततात, जस्तात नाही. एवढं करूनही एखादं जस्ताचं राहिलं तर घाबरू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ अंशांना. आच बेताची ठेवली तर जस्ताचा तुकडा तसाच वर तरंगतो, तो झाऱ्याने काढून टाकायचा. आच वाढवून जस्त आत वितळू दिलंत की सगळा घाणा पेजेसारखा घट्ट होतो आणि साच्यात नीट भरत नाही.

साचा

वर्कशॉपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दोन पाळ्यांचा साचा करून घेतलेला सगळ्यांत उत्तम. दोन्ही पाळ्या एकमेकींवर चुकू नयेत म्हणून खुंट्या हव्यात, वर नरसाळ्यासारखं तोंड हवं आणि हवा निघायला केसाएवढ्या चिरा हव्यात. भोकासाठी मधोमध ४ मिलिमीटरची गुळगुळीत पोलादी सळी. ती एका टोकाला किंचित निमुळती करून घ्या. शिसं थंड होताना आकसतं आणि सळीला घट्ट धरतं, निमुळती नसेल तर पकडीने ओढून हात दुखतात.

आमच्या काकांकडे सागाच्या लाकडाचा साचा होता. तीस-चाळीस दाण्यांनंतर लाकूड आतून जळायला लागतं आणि दाणे जाडे होत जातात, पण एका पागेराची दुरुस्ती त्यात निघते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्याच्या भानगडीत नवीन माणसाने पडू नये. तो वरून कोरडा दिसतो आणि आत पाणी धरून असतो. जांभ्यात कोरलेला साचाही मी पाहिलाय. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसाळ्यात प्यायलेलं पाणी तो मे महिन्यातही सोडत नाही. त्यात वितळलेलं शिसं ओतणं म्हणजे जिवाशी खेळ.

काका एकच वाक्य परत परत म्हणायचे, "पयलो साचो सुकय, मगे चूल पेटय." तेव्हा ते मला म्हातारपणाचं पुटपुटणं वाटायचं.

पाणी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण या कामातले बहुतेक अपघात पाण्याने होतात आणि कोकणात पाणी सगळीकडे असतं. हवेत, भिंतीत, वाळूत, दोरीत, कपड्यांत.

वितळलेल्या शिशावर वरून घामाचा थेंब पडला तर तो तडतडतो, नाचतो आणि उडून जातो. तोंड जवळ असेल तर तेही वाईटच, पण खरा धोका शिशाच्या खाली अडकलेल्या पाण्याचा. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पटींनी फुगतं. त्याला वर यायला वाट नसते, म्हणून ते वरचं सगळं शिसं घेऊनच बाहेर येतं.

माझं असं झालं. जुन्या पागेराचे काढलेले दाणे होते, आठवडाभर पडवीत पडलेले. वरून खडखडीत. भांड्यात दोन किलो शिसं वितळलेलं होतं आणि मी मूठभर दाणे वरून सोडले. त्यांतल्या काही दाण्यांच्या भोकांत चिखल घट्ट बसला होता आणि चिखलाच्या मागे खाडीचं पाणी. फट्ट असा एकच आवाज झाला आणि भांडं अर्धं रिकामं. पडवीच्या कौलांना खालून शिशाचे चांदीसारखे थेंब चिकटले होते, ते अजून तिथेच आहेत. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, हातावरचे डाग मात्र तेव्हाचेच. चष्म्याच्या उजव्या काचेवर तांदळाएवढा ठिपका जळून बसला होता.

तेव्हापासून माझा नियम असा. नवीन शिसं कधीही वितळलेल्या शिशात टाकायचं नाही. थंड भांड्यात सगळं भरायचं आणि मग आच लावायची, म्हणजे पाणी असेल तर वितळण्याच्या आधीच उडून जातं. मध्येच भर घालायची वेळ आली तर तुकडा आधी भांड्याच्या काठावर किंवा तव्यावर दहा-पंधरा मिनिटं तापवायचा आणि मगच सोडायचा. जुन्या दाण्यांची भोकं तारेने साफ करायची. दोन्ही टोकं चेपलेला नळाचा तुकडा तसाच टाकायचा नाही, कापून उघडायचा. पळी आणि ढवळायची सळीसुद्धा पहिल्या वेळी आचेवर धरून मगच बुडवायची.

जागाही कोरडी हवी. शेणाने सारवलेलं अंगण दिसायला कोरडं असतं, पण सांडलेलं शिसं त्यावर पडलं की उडतं. सिमेंटच्या ओल्या कोब्याचंही तेच. पत्र्याचा मोठा ट्रे घ्या आणि त्यात वाळूचा थर पसरा. वाळू समुद्राची नको, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. नदीची वाळू कढईत भाजून वापरा. आणि मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांचा. १ जूनपासून यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी लागली की खाडीत पागेरवाल्यांची गर्दी होते, तेव्हा सगळ्यांना शिसं आठवतं आणि लोक पावसात झावळ्यांच्या आडोशाला ओतायला बसतात. तसं करू नका. पाऊस लागला असेल तर जुने दाणे लावून दिवस काढा.

ओतणं

भांडं बिडाचं किंवा जाड पोलादाचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, तापून मऊ होतं आणि वजनाने बूड जाऊ शकतं. जस्ताचा मुलामा दिलेलं डबडंही नको. एकदा शिशासाठी वापरलेलं भांडं, पळी, झारा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, घासूनसुद्धा नाही. त्यावर रंगाने खूण करून ठेवा. २ किलो शिसं म्हणजे १७६ घन सेंटिमीटर, एका फुलपात्रात मावेल एवढं. म्हणून लहान, जड बुडाचं भांडं पुरतं आणि ते कलंडत नाही.

चूल घरापासून लांब, उघड्यावर, स्वयंपाकाच्या चुलीपासून वेगळी. गॅसची शेगडी असेल तर आच आवरता येते. वारा पाठीवरून येईल असं बसा. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, बंद बूट, चष्मा, चामड्याचे कोरडे हातमोजे. लुंगी आणि चप्पल नको. नायलॉनचं कापड नको, ते जळून कातडीला चिकटतं. मुलं, गरोदर बाई, कोंबड्या, कुत्रं यांपैकी कोणीही आसपास नको.

शिसं वितळलं की वर करडी साय येते. ती लगेच काढून फेकू नका, तिच्यात बरंच शिसं असतं. हरभऱ्याएवढा मेणाचा तुकडा किंवा चिमूटभर कोरडा लाकडाचा भुसा टाका आणि सळीने तळापासून ढवळा. मेण पेट घेईल, घेऊ द्या, तोंड लांब ठेवा. सायीतलं शिसं परत खाली उतरतं आणि वर काळसर भुकटी राहते. ती झाऱ्याने हळूच काढून झाकणाच्या डब्यात भरा. ही भुकटी सगळ्यांत वाईट, ती हवेत उडते आणि श्वासातून जाते. एन-९५ मास्क यासाठीच लावायचा.

आच किती? थर्मामीटर असेल तर ३६० ते ४०० अंशांच्या मध्ये ठेवा. नसेल तर वाळलेल्या लाकडाची काडी बुडवा. टोक हळूहळू तपकिरी झालं तर ठीक, लगेच काळं होऊन धूर सोडायला लागलं तर आच जास्त. शुद्ध शिशाच्या पृष्ठभागावर सोनेरी, मग निळे-जांभळे रंग फिरायला लागले तरी आच कमी करा. जितकं जास्त तापवाल तितकी साय जास्त आणि वाफही जास्त.

साच्याला आतून मेणबत्तीची काजळी धरा, सळीलाही. पातळ, एकसारखी. मग दोन्ही शेगडीजवळ गरम करा. थंड साच्यात ओतलेल्या दाण्यावर म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या येतात आणि कडा भरत नाहीत. पहिले पाच-सहा दाणे तसेच निघतात, ते गरम असतानाच भांड्यात परत जाऊ द्या. साचा तापला की आपोआप गुळगुळीत दाणे पडायला लागतात. साचा फार तापला तर दाणा उशिरा घट्ट होतो आणि उघडताना फाटतो. तेव्हा दोन मिनिटं थांबा. साचा पाण्यात बुडवून थंड करायचा विचारही करू नका.

ओतताना पळी तोंडाजवळ टेकवा आणि एका धारेत, न थांबता भरा. तोंडावर छोटा ढीग राहिला पाहिजे, कारण गोठताना शिसं तीन टक्क्यांहून अधिक आकसतं आणि त्या ढिगातून आत ओढून घेतं. ढीग कमी पडला तर दाण्याच्या डोक्यात खळगा पडतो. ढिगाची चकाकी जाऊन तो मंद झाला, मधे किंचित दबला, की आणखी पाच-सहा सेकंद मोजा आणि साचा उघडा. आधी सळी पकडीने ओढा, मग पाळ्या उघडा. दाणा घडी घातलेल्या कोरड्या सुती कापडावर पडू द्या. वरचा देठ मोडून परत भांड्यात, तोही गरम असतानाच. दर वीस दाण्यांनी एक दाणा वजनकाट्यावर टाका. १४ ते १६ ग्रॅममध्ये असेल तर पुढे चला.

हात भाजलाच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चुना, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. चिकटलेलं शिसं ओढून काढू नका, दवाखान्यात जा. भांडं पेटलं तर झाकण घाला, पाणी नको.

हात, तोंड आणि तंबाखू

शिशाचा धूर हे लोकांचं भय, पण ४०० अंशांच्या आत वाफ फारशी होत नाही. शिसं शरीरात जातं ते मुख्यतः भुकटीतून आणि हातावरून तोंडात. रक्तातून ते महिनाभरात अर्धं उतरतं खरं, पण हाडांत बसलेलं वर्षानुवर्षं राहतं. मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते.

आता आपल्या सवयी बघा. दाणे ओवताना मधेच तळहातावर तंबाखू मळून ओठाखाली ठेवायची. गरीच्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, चिमटायचा फटीचा दाणा लावायचा तर दातांनी चावून बसवायचा. आणि पागेर मारताना तर शिशाची कडच दातांत धरायची. मी स्वतः बारा वर्षं धरत आलो. काका गेले तेव्हा त्यांचे पुढचे दात झिजून अर्धे झाले होते, आणि त्या झिजेत किती शिसं पोटात गेलं असेल हे मोजायला कोणी नव्हतं.

यावर उपाय सोपे आहेत. चिमटायचे दाणे पकडीने चिमटा. नवीन पागेर बांधताना कडेवर वीतभर जागा दाण्यांशिवाय सोडा, तिथे सुती दोरा घट्ट गुंडाळा आणि दातांत धरायचंच असेल तर तेवढीच जागा धरा. त्याहून बरं म्हणजे कड खांद्यावर टाकून फेकायला शिका. आठ-दहा दिवस जाळं केळीच्या पानासारखं लांबट पडेल, नंतर गोल पडायला लागतं. काम झालं की साबणाने हात कोपरापर्यंत धुवा, तेच कपडे घालून मुलांना उचलून घेऊ नका आणि ते कपडे वेगळे धुवा. भुकटीचा डबा शिशासकट भंगारवाल्याकडे द्या. चुलीची राख म्हणून ती नारळाच्या आळ्यात टाकू नका, शिसं मातीतून जात नाही.

बांधणं

दाणे थंड झाले की भोकाच्या कडा कानशीने नाही, तर मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून मोडा. कानशीने भुकटी उडते. धारदार कड राहिली तर आठवड्यात दोरी कापते. दाणे ओवा, दोरी दोन खुंट्यांमध्ये ताणा, दर १० सेंटिमीटरला खूण करा आणि प्रत्येक दाण्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचे वेढे घालून गाठ मारा. दाणा दोरीवर फिरला पाहिजे, पण सरकता कामा नये. मग ही दोरी जाळ्याच्या शेवटच्या ओळीला, दोन दाण्यांमध्ये दोनदा, अशी बांधत जा.

पहिल्या दिवशी खाडीवर जाऊ नका. अंगणात पागेर दहा वेळा फेका आणि दर वेळी कड बोटांनी चाचपत फिरा. जिथे गाठ सैल झाली असेल तिथे दाणा शेजाऱ्याला टेकलेला सापडेल. ती गाठ सोडून पुन्हा बांधा, आणि मग हात धुऊन जेवायला बसा.